झोपलेला खोका

कुरिअरवाल्याची ठाम समजूत होती की ह्या बाईकडे एक तर फार पैसा आहे, नाही तर हिला काहीतरी मोठा आजार आहे. दिवसाआड हिच्या नावाने एखादा छोटा खोका यायचा, आणि सही करायच्या आधी ही दारातच तो कानाशी धरून हलवायची.

"बॉम्ब नाही हो त्यात," तो एकदा वैतागून म्हणाला.

"असता तर वाजला असता," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

आजार नव्हता, आणि पैसा तर नव्हताच. इंटरनेटवरच्या दुकानांची तुलना करणाऱ्या एका वेबसाइटसाठी ती लिहायची. कोणाची गादी वेळेवर येते, कोण मिक्सर कुरकुर न करता परत घेतो, असलं. चाळिशी उलटली तरी माहेरी ती सगळ्यांची धाकटीच होती, आणि आमची धाकटी कॉम्प्युटरवर तब्येतीबद्दल लिहिते असं तिची वहिनी चारचौघांत कौतुकाने सांगायची. तब्येतीशी संबंध एवढाच, की गाद्या आणि मिक्सर संपल्यावर साइटच्या मालकाने तिच्याकडे पेप्टाइडची दुकानं सोपवली होती.

पेप्टाइड म्हणजे काय हे आधी तिलाही ठाऊक नव्हतं. बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली आणि तळाशी चिमूटभर पांढरी पूड. पाण्यात कालवायची आणि सुईने टोचून घ्यायची. कोणी म्हणे दुखरा सांधा बरा होतो, कोणी म्हणे वजन उतरतं, कोणी म्हणे झोप छान लागते. बाटलीवर मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं, की हे फक्त प्रयोगशाळेसाठी आहे, माणसांसाठी नाही. प्रयोगशाळा असली वस्तू घरपोच मागवून दारात पैसे मोजत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण विकणाऱ्याला विकायचं होतं, घेणाऱ्याला घ्यायचं होतं, आणि ह्या बाईला त्या दोघांच्या मध्ये बसून लिहायचं होतं.

"औषधाबद्दल आपण एक अक्षर लिहायचं नाही," मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "सेवा, पैसे भरायच्या सोयी, पॅकिंग. तीन रकाने. प्रत्येकात पाचपैकी चांदण्या. विषय संपला." चांदण्या वाटायला त्याचा हात इतका सैल, की ती त्याला मनातल्या मनात चांदणीसाहेब म्हणायची.

त्या तीन रकान्यांत ती रमली, हे सांगितलंच पाहिजे. सेवा तपासायला ती खोटी गिऱ्हाइकं व्हायची. कधी जिचा खोका कुत्र्याने चावलाय अशी आजी, कधी पत्ता चुकलेला पैलवान. मग उत्तर किती लवकर येतं आणि किती गोड येतं ते बघायची. पैशांचं म्हणाल तर एक जण कार्ड घ्यायचा, एक जण बँकेत भरा म्हणायचा, आणि एकाला कसलं तरी आभासी चलन हवं असायचं, जे मिळवण्यापेक्षा दुखरा सांधा परवडला. आणि पॅकिंग तर तिच्या रक्तातच होतं.

तिचे वडील काचवाले. खिडक्यांची तावदानं, कपाटांची दारं, आरसे. "काच सगळ्यांची सारखीच," ते म्हणायचे. "एकाच कारखान्यातून येते. दुकानदार ओळखायचा तो बांधण्यावरून." आरसा बांधून झाला, भोवती कागद ठासून भरला, पट्ट्या ठोकून झाल्या, की ते खोका उचलून ह्या दोघा भावंडांच्या कानाशी धरायचे आणि हलवायचे. "बोलतोय का?" बोलत असला तर सगळं सोडून पुन्हा बांधायचं. गप्प असला की दादा आणि धाकटी एका सुरात ओरडायची, "झोपला!" झोपलेला खोका मग जगाच्या टोकाला पाठवा, वडिलांना चिंता नसायची.

वडील गेले, दुकान दादाकडे आलं, धाकटी लिहिण्याच्या धंद्यात गेली. पण बांधणीवरून वस्तू जोखायची खोड दोघांचीही सुटली नाही. दादा तर दुकानात माणूस ठेवताना त्याला आधी स्वतःचा जेवणाचा डबा बांधून दाखवायला लावायचा. काचेच्या बाबतीत ते बरोबरही होतं, कारण काचेच्या आरपार दिसतं. तिच्यात लपवायला जागाच नसते. हा एवढा फरक दोघांपैकी एकाच्याही कधी डोक्यात आला नाही.

पेप्टाइडच्या दुकानांना तिने टोपणनावं ठेवली होती. एक चिकटपट्टीवाला. त्याचा खोका उघडायचा म्हणजे भाजी चिरायची सुरी घेऊन बसावं लागे. एक रद्दीवाला. तो बाटली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायचा, आणि बाटलीपेक्षा बातम्याच जास्त टिकायच्या. आणि एक मखमलवाला. त्याचा करडा खोका उघडला, आणि तिच्या तोंडून नकळत "अगं बाई" निघालं. काळ्या फोममध्ये शेजारी शेजारी दोन खळगे, नेमके बाटल्यांच्या मापाचे. वर मऊ कापडाची घडी. बाजूला अजून गार असलेली बर्फाची थैली. तिने खोका बंद केला, कानाशी धरून हलवला. गप्प. जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली सोडला, मागोमाग उतरून उचलला आणि पुन्हा हलवला. गप्प. तिथेच पायरीवर बसून तिला वडिलांची इतकी आठवण आली, की डोळे पुसावे लागले.

फोटो काढताना मात्र तिचं बोट एका बाटलीवर अडलं. काचवाल्याच्या मुलीच्या बोटाला कागदाचा एक थर कोणता आणि दोन कोणते ते कळतं. तिने नखाने लेबलचा कोपरा उचलला. खाली दुसरं लेबल होतं. त्यावर दुसरंच नाव, आणि कधीच उलटून गेलेली तारीख.

मग तिने चांदणीसाहेबांना फोन लावला.

"तुम्हाला सोलायला कोणी सांगितलं होतं?" ते म्हणाले.

आणि ती हसली. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती ह्याच हसण्याची. त्या वेळी तिला वाटलं, खरंच की, ह्याला आपल्याकडे रकाना कुठे आहे? हे सेवेत बसत नाही, पैशांत बसत नाही, आणि पॅकिंग तर बघा कसं देखणं आहे. तिने कोपरा अंगठ्याने दाबून पुन्हा बसवला आणि लिहिलं, लेबल सरळ आणि स्वच्छ. त्याखाली लिहिलं, खोका कानाशी धरून हलवून पाहिला, गाढ झोपला होता. पाच चांदण्या. पहिला नंबर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे तिला दिसलं होतं. पण तिचा लेख सोनुबाईच्या नावाबद्दल होता, हाताबद्दल नव्हता.

बाकीचे खोके ती फेकून द्यायची. हा तिने कपाटावर ठेवून दिला, बाटल्यांसकट.

वहिनीचा फोन आला तेव्हा ती एका पाणी तापवायच्या भांड्याला चांदण्या देत होती. दादाला हॉस्पिटलात ठेवलं होतं. उजवा खांदा फुगून लालबुंद झाला होता, तापाने अंग भाजत होतं, आणि डॉक्टरांनी तातडीने खांदा उघडून पू काढला होता.

तो खांदा जुना दुखरा होता. वर्षानुवर्षं तावदानं वाहून तो पार झिजला होता. दादा फोनवर सांगायचा, आणि धाकटी टाइप करता करता म्हणायची, "डॉक्टरला दाखव रे." दाखवायला दुकान बंद ठेवावं लागलं असतं. तो नाही गेला. त्याने कोणाला न सांगता काहीतरी मागवलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःच्या हाताने खांद्यात टोचून घेतलं.

ती पोचली तेव्हा दादा खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. खांद्यावर ही जाड पट्टी, चेहरा पांढरा. तरी तिला बघून त्याने हनुवटीने खिडकी दाखवली. "तावदान सैल आहे. हॉस्पिटलवाल्यांना सांग." ती हसली, आणि मग तिला रडू फुटलं.

वहिनी बाजूच्या स्टुलावर फोन घट्ट धरून बसली होती. "हे बघ," ती म्हणाली. "ह्यावरून घेतलंय ह्यांनी. हे लिहिलेलं वाचून."

फोनवर तो करडा खोका होता, धाकटीच्याच खिडकीच्या उजेडात काढलेला. खाली तिचीच वाक्यं. लेख लिहिणाऱ्याचं नाव साइट कधीच देत नसे.

"पहिला नंबर म्हणे! पाच चांदण्या म्हणे!" वहिनीचा आवाज चढला. "कोण मेला लिहितो हे? लोकांच्या जिवाशी खेळून रात्री झोप कशी लागते ह्यांना? तू ह्याच कामातली ना गं? तू मला हा माणूस शोधून दे. मला फक्त एकदा त्याच्यासमोर उभं राहायचंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. धाकटीने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही.

"जाऊ दे गं," दादा खाटेवरून पुटपुटला.

"तुमचं हे नेहमीचंच! हात जायची वेळ आली तरी जाऊ दे?"

दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पट्टी बघितली, ताप बघितला आणि वहिनीला विचारलं, "ती बाटली मिळाली का? खांदा पुन्हा एकदा उघडून साफ करावा लागणार आहे. आत काय टोचलं गेलंय ते कळलं तर पुढची औषधं ठरवता येतील. पूचा तपास चालू आहे, पण त्याला वेळ लागतो."

"मी फेकल्या हो सगळ्या," वहिनी म्हणाली. "इतकी तळपायाची आग मस्तकात गेली, की होतं नव्हतं ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं. नाव आठवतंय पण. लेबलवरचं."

"लेबलवर माझा भरवसा नाही."

"हात?" वहिनीने विचारलं.

"हात वाचेल असं वाटतंय. खांद्याच्या वर किती जाईल ते आत्ता नाही सांगता येणार."

हे ऐकून वहिनीने पदर तोंडाला लावला. ज्याचा हात वर जात नाही त्या काचवाल्याने करायचं काय? माझ्याकडे आहे बाटली. एवढंच धाकटीला म्हणायचं होतं. पण तिने म्हटलं नाही. कारण पुढचा प्रश्न तिला ठाऊक होता. तुझ्याकडे कशी? ती म्हणाली, "मी त्या दुकानाला विचारून बघते," आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये पळाली.

तिने मखमलवाल्याच्या सेवेला लिहिलं. पहिल्यांदाच खरं गिऱ्हाइक होऊन, खरं संकट घेऊन. तुमच्या बाटलीत काय आहे ते सांगा, माणूस हॉस्पिटलात आहे. ज्या चपळाईला तिने पाच चांदण्या दिल्या होत्या त्याच चपळाईने उत्तर आलं. आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे. आपला खोका सुस्थितीत पोचला ना?

मग तिने चांदणीसाहेबांना फोन केला आणि लेख आत्ताच्या आत्ता काढा म्हणाली.

"काढा? अहो, आपला सगळ्यात चालणारा लेख आहे तो," ते म्हणाले. "आपण कुठे लिहिलंय टोचून घ्या म्हणून? आणि तुमचं ते झोपलेल्या खोक्याचं वाक्य लोकांना किती आवडतं माहितीये?"

ह्या वेळी ती हसली नाही. तिने फोन बंद केला आणि घरी निघाली. वाटेत ती स्वतःशी वाद घालत राहिली. मी थोडंच सांगितलं त्याला घ्यायला? मी फक्त खोक्याबद्दल लिहिलं. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, लेबल सरळच होतं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर तिला आणखी एक शोधावं लागत होतं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

कपाटावरून खोका काढताना हात सवयीने कानाशी गेला. खोका अजून झोपलेलाच होता.

हॉस्पिटलात आली तेव्हा वहिनी खाली औषधं आणायला गेली होती आणि डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटकडे होत्या. दादा जागा होता. त्याची नजर तिच्या हातातल्या करड्या खोक्यावर गेली.

"हाच का तो?" तो म्हणाला. "गाढ झोपलेला?"

धाकटीने खोका पाठीमागे घेतला.

"अगं, माहितीये मला. पहिल्या दिवसापासून माहितीये. असं लिहिणारं जगात दुसरं कोण आहे? वाचलं आणि एकटाच हसत बसलो दुकानात. म्हटलं, बाबा असते तर हे छापून काउंटरवर लावलं असतं."

"माहीत होतं तर मला फोन का नाही केलास?"

"कशाला?" त्याला खरंच नवल वाटलं. "तू लिहिलंयस म्हटल्यावर विचारायचं काय? इंटरनेटवरून मी साधी चप्पल घेत नाही. हे घेतलं ते तुझ्या शब्दावर."

त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग तिच्या ध्यानात आलं, की वहिनी त्या लिहिणाऱ्याचा उद्धार करत होती आणि हा दर वेळी जाऊ दे म्हणत होता. भिंतीकडे तोंड वळवून, पण पाठीशी मात्र तो हिलाच घालत होता.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुला तरी काय कळणार आत काय आहे ते? काही वावगं असतं तर तुझ्या बोटाला लागलं असतं. एवढं ओळखतो मी तुला."

तो आपणहून दार उघडून देत होता. नुसती मान हलवली असती तरी ती सुटली असती. दादाने आयुष्यभर विश्वास ठेवला असता, आणि खांदा वर गेला नाही तरी बहिणीला दोष दिला नसता. धाकटी खाटेच्या कडेला बसली. तिने खोका उघडला, खळग्यातली ती बाटली काढली, लेबलचा कोपरा नखाने वर केला आणि बाटली त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"लागलं होतं," ती म्हणाली.

दादाने डोळे बारीक करून खालचं नाव वाचलं, तारीख वाचली. "हे कधी बघितलंस?"

"लिहायच्या आधी."

आता दादा जाऊ दे म्हणेल म्हणून ती थांबली. त्याच्या तोंडून ते ऐकायला ती लहानपणापासून सोकावली होती. तिच्या हातून फुटलेल्या प्रत्येक काचेला तो जाऊ दे म्हणाला होता.

दादा जाऊ दे म्हणाला नाही. त्याने डाव्या हाताने तिची बाटली धरलेली मूठ हळूच बाजूला सारली. "डॉक्टरांना नेऊन दे," तो म्हणाला. "वेळ घालवू नकोस."

तिने बाटली घाईघाईने खोक्यात टाकली आणि बाहेर आली. समोरून वहिनी औषधांची पिशवी घेऊन येत होती, धापा टाकत. धाकटीला बघून तिचा चेहरा उजळला. ह्या दिवसांत तिला आधार वाटावा असं हे एकच माणूस होतं.

"आलीस? लागला का गं पत्ता त्या मेल्याचा?"

"लागला."

"कोण आहे?"

धाकटीने खोका तिच्या हातात दिला. "मी आहे, वहिनी. चल, डॉक्टरबाईंना हे द्यायचंय. त्यांना सांगायचंय ते तूही ऐक."

वहिनीने आधी खोक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. दादाच्या खोलीच्या दाराकडेही बघितलं. तिचे हात थरथरायला लागले. घाईत टाकलेली बाटली खळग्यात नीट बसली नव्हती. ती शेजारच्या बाटलीवर आपटत होती, आणि खोका वाजत होता.